मास्तरांची हजेरी

माझं कुलपांचं दुकान आहे. किल्ल्या बनवते, अडकलेली कुलपं उघडते आणि ज्यांच्या किल्ल्या हरवल्यात त्यांची किरकिर ऐकून घेते. खाली दुकान, वर घर. अशा घरात आम्ही राखणीच्या जातीचा कुत्रा आणला म्हणून गल्लीने महिनाभर हसून घेतलं. समोरचा सलूनवाला रोज विचारायचा, "काय ताई, स्वतःच्याच कुलपांवर विश्वास नाही वाटतं?" पहिला आठवडा मी हसले, दुसरा आठवडा गप्प बसले, तिसऱ्या आठवड्यात त्याला चार शब्द सुनावले.

खरं म्हणजे राखणीसाठी तो आणलाच नव्हता. एका म्हाताऱ्या मेंढपाळाच्या वाड्याच्या फाटकाचं कुलूप गंजलं होतं आणि आत किल्ली मोडून बसली होती. वाडा गावाबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी. मी व्हॅन काढली, माझी थोरली मुलगी हत्यारं उचलायला सोबत आली. म्हाताऱ्याचे गुडघे गेले होते. कळप विकून झाला होता, आता तो मुलाकडे तिसऱ्या मजल्यावर राहायला निघाला होता. उरला होता तो फक्त कुत्रा. पांढरा, मळकट, वासराएवढा. मी कुलपाशी झटत होते तेवढ्यात तो थोरलीजवळ आला आणि त्याने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. मांडी दिसेनाशी झाली.

"आई," थोरली म्हणाली.

"नाही," मी म्हणाले. असं मी तीनदा म्हणाले. कुलूप उघडेपर्यंत माझा पराभव झालेला होता.

थोरली व्हॅनमध्ये जागा करायला गेली तेव्हा म्हाताऱ्याने एक लोकरीचा दोर आणून कुत्र्याच्या गळ्यात अडकवला. मला म्हणाला, "कळप कुणाचा? म्हणजे घरात शब्द कुणाचा चालतो?"

"माझा," मी म्हणाले. खोटं कशाला बोला.

"मग तुम्ही धरा." त्याने दोराचं टोक माझ्या हातात दिलं, आपला रिकामा हात कुत्र्याला हुंगू दिला, मग माझा हात हुंगू दिला. "ताई, याला मोजता येतं. कळपातलं एक जरी गुपचूप नेलंत तर हा शोधत बसतो, खात नाही, पित नाही. मी मेंढरू विकलं की याच्यासमोर हवाली करायचो. दोर देणाऱ्याच्या हातातून घेणाऱ्याच्या हातात. दोन्ही हात याने हुंगायचे. मग याला पटतं, की एक कमी झालं, पण हरवलं नाही. लक्षात ठेवा."

मी हो हो म्हटलं. म्हाताऱ्याचा बांध फुटतोय, काहीतरी बोलून वेळ काढतोय, असं मला वाटलं. घरी आल्यावर मी कुणाला हे सांगितलंही नाही.

आमचं घर म्हणजे पाच माणसं. मी, शहर बसवर ड्रायव्हर असलेला माझा नवरा, सासूबाई, थोरली आणि सातवीतली धाकटी. धाकटीने वाचनालयातून कुत्र्यांवरचं एक जाडजूड पुस्तक आणलं आणि जेवणाच्या टेबलावर जाहीर वाचन सुरू केलं.

"वजन पन्नास ते साठ किलो."

"माझ्यापेक्षा जास्त," सासूबाई म्हणाल्या आणि जरा खूश झाल्या.

"शांत, कुटुंबवत्सल आणि स्वतंत्र बुद्धीचा."

स्वतंत्र बुद्धीचा म्हणजे काय, ते पुस्तकाने सांगितलं नाही, आम्हाला अनुभवाने कळलं. त्याला 'बस' म्हटलं की तो आपल्याकडे बघतो, विषयावर विचार करतो, खिडकीबाहेर एक नजर टाकतो आणि दोन मिनिटांनी, जणू ही कल्पना मूळची त्याचीच होती अशा थाटात, बसतो. मी म्हटलं, हे तर ह्यांचंच वर्णन आहे. नवऱ्याने वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाही, म्हणजे माझंच खरं ठरलं. धाकटीने चेंडू फेकला तर कुत्र्याने चेंडूकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. तूच टाकलास ना, मग तूच आण. शेवटी तीच गेली.

पुस्तकात केसांबद्दल अर्धं वाक्य होतं. माझ्या मते तिथे एक स्वतंत्र प्रकरण हवं. केस उशीत, केस सुपात, केस दुकानात. एका गिऱ्हाईकाने दुरुस्त केलेलं कुलूप परत आणलं आणि आतून लांबलचक पांढरा केस ओढून काढून माझ्यासमोर धरला. "ताई, हा सुटा भाग कुठला?" लाळेबद्दल मी बोलतच नाही. शेपटीने त्याने पहिल्या आठवड्यात चार कप फोडले, तेही पाठमोरा असताना, आनंदात. पोस्टमन दिसला की एकदाच भुंकायचा, पण तेवढ्याने सलूनवाल्याचे आरसे थरथरायचे. हे एक मात्र मला आवडायचं.

त्याचं नाव मास्तर पडलं ते हजेरीमुळे. संध्याकाळी दुकानाचं शटर खाली आलं की तो कामाला लागायचा. प्रत्येकाजवळ जायचं, गुडघ्याला ओलं नाक लावायचं, पुढे सरकायचं. एक, दोन, तीन, चार. मग नवऱ्याची ड्युटी संपेपर्यंत जिन्यात बसून राहायचं. तो आला की पाच. पाच झाले की असा सुस्कारा सोडायचा, जणू दिवसभर नांगरच ओढला. पण पाचही जण एकाच खोलीत हवेत, ही त्याची अट होती. कुणी दुसऱ्या खोलीत जाऊन दार लोटलं की मास्तर उठायचे, दार ढकलायचे, त्या माणसाची बाही ओल्या तोंडात धरायचे आणि त्याला चालवत बाहेरच्या खोलीत आणून बसवायचे. दात लागायचे नाहीत, पण सुटकाही नसायची. न्हाणीघरात कुणी असेल तर बाहेर बसून मोठमोठ्याने उसासे टाकायचे. सासूबाई म्हणायच्या, "आत माणसाला घाई करायला लावतो मेला," आणि खरंच पटकन बाहेर यायच्या.

आता खरं सांगते. मास्तर येण्याआधी आमच्या घरात पाच माणसांच्या पाच दिशा होत्या. थोरली तिच्या खोलीत, धाकटी फोनमध्ये, नवरा बातम्यांत, सासूबाई गॅलरीत. एकत्र बसा म्हणून मी पंधरा वर्षं घसा फोडला, कुणी दाद दिली नाही. या कुत्र्याने एका आठवड्यात सगळ्यांना एका खोलीत आणून बसवलं. आधी सगळे वैतागले, मग पत्ते निघाले, मग भांडणं आणि हसणंही सुरू झालं. मला त्या संध्याकाळींची चटक लागली. दुपारी चारपासूनच मी घड्याळाकडे बघायला लागायचे.

आणि मग थोरलीला मुलाखतीचं बोलावणं आलं. पुलांची तपासणी करणारी कंपनी, आगगाडीने आठ तासांवर. पूल म्हणजे तिचा लहानपणापासूनचा वेडेपणा. बाकीची मुलं बाहुल्या मागायची, ही वाटेत बस थांबवून पुलाखाली काय आहे ते बघायला मागायची. दोन दिवसांचं काम होतं. पहाटेच ती निघाली, मास्तर झोपलेले असताना.

संध्याकाळी हजेरी चार भरली. मास्तरांनी पुन्हा मोजलं, पुन्हा चार. खाली दुकानात जाऊन आले, गॅलरीत गेले, थोरलीच्या पलंगाखाली डोकं घालून आले, डोकं तिथेच अडकलं म्हणून पलंग पाठीवर घेऊन थोडे फिरलेही. ताटलीकडे ढुंकून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी दुकानात स्कूटरची किल्ली करून घ्यायला एक मुलगी आली, थोरलीच्याच वयाची. मी किल्ली घासण्यात गुंतले होते. मान वर करते तर मुलगी गायब. वर जाऊन पाहिलं तर ती सासूबाईंच्या शेजारी, हातात चहाचा कप घेऊन बसलेली, बाही कोपरापर्यंत ओली, आणि मास्तर समोर आडवे पसरलेले. संख्या पूर्ण झाली होती.

"मला जाता येईल का?" मुलीने हळूच विचारलं.

"घाई काय आहे, बिस्किट घे," सासूबाई म्हणाल्या.

मुलगी गेल्यावर मास्तर पुन्हा उपाशी. दुपारी थोरली आली तेव्हा त्याने तिला जिन्यातच खाली पाडलं, तिच्या अंगावर पाय टाकून बसला आणि तासभर उठला नाही. मग दोन दिवसांचं एकदम खाल्लं.

आठवड्याने पत्र आलं. नोकरी मिळाली होती. पंधरा दिवसांत हजर व्हायचं होतं.

सगळे नाचले. मीही नाचले, पण मनात हजेरी मोजत होते, ती चारच भरत होती. थोरलीने बॅग काढली, मास्तर बॅगेवर जाऊन झोपले. साठ किलोच्या कुत्र्याखालून बॅग काढता येत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांनी आळीपाळीने करून पाहिलं. चौथ्या दिवशी थोरलीचा चेहरा उतरला.

"आई, दोन दिवसांत याची काय दशा झाली बघितलीस ना? मी कायमची गेले तर हा मरेल गं."

माझ्या जिभेवर म्हाताऱ्याचं वाक्य आलं होतं. शब्दन् शब्द आठवत होता. दोर, देणाऱ्याचा हात, घेणाऱ्याचा हात. ते फक्त मी ऐकलं होतं, थोरली तेव्हा व्हॅनमधल्या पेट्या सरकवत होती. एका मिनिटाचं सांगणं होतं.

मी गप्प बसले. विसरले होते असं म्हणून सुटता आलं असतं, पण विसरले नव्हते. पोरगी जाणार नाही, संध्याकाळी हजेरी पाच भरेल आणि दोष कुत्र्यावर जाईल, हे मला फार सोयीचं वाटलं. मी सहा दिवस गप्प बसले.

"नाही म्हणून कळवते उद्या," नवव्या दिवशी संध्याकाळी थोरली म्हणाली. "इथेच बघेन काहीतरी."

"बघ बाई, तुझी मर्जी," मी म्हणाले.

नवऱ्याने माझ्याकडे निरखून पाहिलं. "तू आणि इतकी गोड? तब्येत बरी आहे ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तर पहिलंच गिऱ्हाईक एक घरमालक. खिशातून किल्ली काढून काउंटरवर ठेवली. "हिची एक जास्तीची करा. भाडेकरू मुलगी आहे, एकटी राहते. काळजीपोटी माझ्याकडे असलेली बरी. तिला सांगायची गरज नाही."

माझा असा काही तिळपापड झाला! दुकान माझ्या वडिलांचं. त्यांनी मला हत्यार हातात द्यायच्या आधी एक नियम शिकवला होता: दुसऱ्याच्या दाराची किल्ली आपल्याकडे ठेवायची नाही आणि कुणाला चोरून करून द्यायची नाही. मी त्या घरमालकाला त्याच्या काळजीसकट बाहेर काढलं. "काळजी वाटते तर दार वाजवा, ती उघडेल," असं म्हणाले, "आणि नाही उघडलं तर ती तिची मर्जी." सलूनवाला दाढी अर्धवट सोडून ऐकायला बाहेर आला.

थोरली माझ्यामागे टेबलाशी बसून नकाराचं पत्र लिहीत होती. हसून म्हणाली, "आई, या बाबतीत तू फार कडक आहेस हं."

मी कानस उचलली. समोर किल्ली होती आणि मला ती दिसेना.

"लिहू नकोस," मी म्हणाले.

"का?"

मग मी सगळं सांगितलं. भिंतीवर टांगलेल्या कुलपांकडे बघत सांगितलं, तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती.

तिने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"आणि मी रोज रडत होते, ते बघत होतीस?"

"हो."

"कमाल आहे तुझी," ती म्हणाली आणि वर निघून गेली. त्यानंतर दिवसभर तिने माझ्याशी अबोला धरला. संध्याकाळी हजेरीच्या वेळी ती खोलीत दार लावून बसली होती. मास्तरांनी तिला बाहीला धरून आणलं आणि नेमकं माझ्या शेजारी बसवलं. उठायला लागली की तो पाय टाकायचा. पाऊण तास आम्ही दोघी अशा बसून होतो. शेवटी तीच हसली, कारण तिचा पाय बधिर झाला होता.

आता प्रश्न असा, की थोरलीला हवाली करायचं कुणाच्या? घरात परिषद भरली.

"टॅक्सीवाल्याच्या," धाकटी म्हणाली. "तोच नेणार ना?"

"टॅक्सी कशाला? मी सोडणार आहे तिला स्टेशनवर," नवरा म्हणाला.

"मग तुमच्या हवाली."

"मी संध्याकाळी परत येणार. एकटाच. मास्तर मला फाडून खाईल."

"कंपनीच्या साहेबाला इकडे बोलवा," सासूबाईंनी सुचवलं. "हात हुंगवायला पाच मिनिटं लागतात. माणूस कसा आहे ते आपल्यालाही कळेल."

शेवटी मी मेंढपाळाला फोन लावला. तो तिसऱ्या मजल्यावरून खो खो हसला. "अहो ताई, ज्याच्या ताब्यात जाणार त्याच्या हातात. इतकं सोपं आहे."

मी फोन ठेवला आणि विचारलं, "जाणार कुणाच्या ताब्यात?"

"माझ्याच," थोरली म्हणाली. "आणखी कुणाच्या?"

सासूबाईंनी मान डोलावली.

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही सगळे दाराशी उभे राहिलो. मी तोच लोकरीचा दोर काढला. "गळ्यात बांधायचा नाही हं," थोरलीने आधीच बजावलं, म्हणून तिच्या डाव्या मनगटाला बांधला. खाली सलूनवाला मान उंचावून बघत होता, पण आज त्याच्याशी भांडायला मला वेळ नव्हता. मास्तरांना समोर बसायला सांगितलं. त्यांनी विचार केला, खिडकीबाहेर पाहिलं आणि बसले.

दोराचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. मी ते थोरलीच्या उजव्या हातात दिलं. तिने मूठ मिटली. मास्तर उठले. आधी तिची मूठ हुंगली, सावकाश, वरून आणि खालून. मग माझ्याकडे आले. माझा हात हुंगला आणि तिथेच थांबले. पुन्हा तिच्याकडे गेले, पुन्हा माझ्याकडे आले. शेपटी हलेना.

"चुकलं वाटतं काहीतरी," धाकटी कुजबुजली.

"आई," थोरली म्हणाली, "सोड ना."

"दिला की तुझ्या हातात."

"मूठ बघ तुझी."

मी बघितलं. टोक तिच्या हातात होतं, पण वीतभर मागे दोर माझ्या मुठीत होता. घट्ट. बोटं पांढरी पडली होती. देव शपथ, मला कळलंसुद्धा नव्हतं. मास्तरने आपलं थंडगार ओलं नाक माझ्या मुठीखाली घातलं आणि वर ढकललं. एकदा, दोनदा. चिडला नाही, गुरगुरला नाही, ढकलत राहिला. मी मूठ उघडली.

त्याने माझा रिकामा तळहात हुंगला, चाटला आणि दोन पावलं मागे सरून बसला. म्हाताऱ्याने सांगितलं होतं तस्सं. थोरलीने मला मिठी मारली, कानात म्हणाली, "रागावले नाहीये आता," आणि दोर हाताला गुंडाळून जिना उतरली. मास्तर गॅलरीत गेले, व्हॅन कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहिले, मग आत येऊन ताटली चाटूनपुसून साफ केली. मला थोडा रागच आला त्याचा. निदान एक वेळ तरी उपाशी राहायचं!

संध्याकाळी शटर खाली ओढलं आणि वर आले. मास्तर कामाला लागले. धाकटीचा गुडघा, सासूबाईंचा गुडघा, माझा गुडघा. नवरा आला तेव्हा चौथा. मी श्वास रोखून बघत होते. आता तो उठेल, पलंगाखाली डोकं घालेल, मग आपण तिला फोन करू आणि सांगू की ये बाई परत. मास्तरांनी सुस्कारा सोडला आणि आडवे झाले. चार. सगळे हजर.

धाकटीने पत्ते काढले. मी म्हटलं आलेच, आणि थोरलीच्या खोलीत गेले. पलंगावरची चादर सारखी केली. टेबलावर पुलाचं एक जुनं चित्र होतं, तिने दुसरीत काढलेलं, ते उचलून परत ठेवलं. बाहेर आले, पुन्हा गेले. खिडकी लावायची राहिली होती. बाहेर आले. मग आठवलं की कपाटाचं दार नीट बसत नाही, त्याचं कुलूप बघायला हवं. आत जाऊन मी दार लोटून घेतलं आणि पलंगाच्या कडेवर बसले.

दार ढकललं गेलं. मास्तर आले. त्यांनी खोलीभर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. पुढे येऊन माझी बाही तोंडात धरली, ओली, ऊबदार, सोडायची नाही अशी, आणि मला चालवत बाहेरच्या खोलीत आणून बसवलं, बाकीचे बसले होते तिथे.